उलट लावलेली फळी

बाबा,

गेल्या महिन्यात मी रंधा विकत घेतला. तुम्ही असतात तर हातातला कप खाली ठेवून विचारलं असतं, "कोनासाठी?" माझ्याचसाठी. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेच्या आमच्या घराला गाडीकरता म्हणून पत्र्याची शेड काढली होती, तिथे आता एक भक्कम टेबल आहे, भिंतीवर खिळे आहेत आणि खिळ्यांवर अवजारं टांगली आहेत. गाडी बाहेर कडुलिंबाखाली उभी असते आणि पक्षी तिच्यावर रोज सविस्तर भाष्य लिहून जातात. तुमची सून म्हणते, "लोकं गाडी सावलीत ठेवतात अन् लाकडं उन्हात. आपल्याकडं पाहा." मी पाहतो. पाहण्यासारखं आहे खरं. बावन्नाव्या वर्षी संस्कृतच्या प्राध्यापकाने कानाला पेन्सिल खोचून उभं राहणं हे दृश्य आमच्या गल्लीने यापूर्वी पाहिलेलं नव्हतं.

वर्ध्याच्या ज्या दुकानातून खरेदी केली, त्या दुकानाचा मालक माझाच जुना विद्यार्थी निघाला. त्याने मला ओळखलं आणि सरळ खुर्ची पुढे केली. "सर, तुम्ही काऊन तरास घेतला? मिस्त्रीले पाठवून द्या ना, तो बरोबर पाहून घेईन." मी म्हटलं, "मिस्त्रीच्या पोरालाच पाठवलंय." तो खो खो हसला. दोन वर्षं माझ्या वर्गात बसून माझ्या एकाही विनोदाला हसला नव्हता, आणि हसला तो नेमका मी खरं बोललो तेव्हा. रंधा, तीन मापांच्या पटाश्या, काटकोन बघायला गुण्या, लाकूड आवळून धरायला शिकंजा आणि एक ड्रिल मशीन, एवढं घेऊन मी घरी आलो. ड्रिल मशीन चालू केल्यावर शेजारच्यांनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "सर, बोअर मारून राह्यले का?" तेव्हापासून ती खोक्यात आहे. मला तसाही रंधाच हवा होता. बाकीचं सगळं मी दुकानदाराला संशय येऊ नये म्हणून घेतलं.

तुमचा रंधा लाकडी होता, त्यात पाचर ठोकून पातं बसवावं लागायचं. हा लोखंडी आहे, मागे पितळेची चक्री आहे, ती फिरवली की पातं केसाएवढं पुढे सरकतं. पातं किती बाहेर काढायचं हे मला कोणी सांगितलं नाही. रंधा उलटा करून डोळ्यासमोर धरला, एक डोळा मिटला, आणि मग लक्षात आलं की असं बघणं मी तुमच्याकडून उचललेलं आहे. जुन्या दिवाणाची सागवानी फळी होती, ती टेबलावर आवळली आणि रंधा मारला. फळी ओरबाडली गेली. दुसऱ्यांदा मारला, तर कुसळं उभी राहिली. मला वाईट वाटलं नाही, आश्चर्यही वाटलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी जे ऐकलं होतं ते शब्दशः ऐकू आलं. "तुह्या हातात नाई बाबू हे."

माझी सातवीची परीक्षा झाली आहे. आपल्या गावी, सिंदी रेल्वेला, स्टेशनामागचं तुमचं टिनाच्या छपराचं सुतारीचं दुकान, दुपारचं ऊन वरून असं पडतंय की लाकूड चिकटवायच्या सरसाच्या डब्याला हात लावला तरी चटका बसतो. तुमच्या उजव्या हाताची दोन बोटं आदल्या वर्षीच लाकूड चिरायच्या आरामशीनने नेली आहेत आणि तुम्ही उरलेल्या तीन बोटांत पेन्सिल धरून खुणा करताय. तुमच्या हाताखालचे तळेगावचे काका दारांच्या चौकटी ठोकताहेत. मी हट्ट करून दुकानात येतो. जमिनीत ठोकलेल्या खुंटीला टेकवून माझ्यासाठी एक फळी तयार लावून ठेवलेली असते. मी बसतो, टाचेने फळी दाबतो, रंधा मारतो, फळी ओरबाडते. तुम्ही येता, फळीवरून हात फिरवता आणि तेच वाक्य म्हणता. आवाज चढवत नाही तुम्ही. चढवला असता तर बरं झालं असतं, मी भांडलो तरी असतो. तुम्ही वैद्याने नाडी बघून सांगावं तसं सांगता, आणि वैद्यावर कोण रागावतो? तो सबंध उन्हाळा असा गेला. जूनमध्ये तुम्ही मला वर्ध्याच्या शाळेत घातलं, वसतिगृहात ठेवलं. जाताना एकाच फळीतून कापलेली, कुठेही खिळा नसलेली, घडीची पोथीठवणी करून दिलीत. अजून माझ्या टेबलावर आहे. हाताला लाकूड लागत नाही त्याला लाकडावर पुस्तक ठेवायला दिलंत, यातला खोचकपणा मला फार उशिरा जाणवला.

तर, फळी ओरबाडली. मी ती सोडवायला गेलो, ती हातातून निसटून पायाजवळ पडली. वाचलो. उचलून पुन्हा आवळली तेव्हा डावं टोक उजवीकडे आलं होतं, माझं लक्षही नव्हतं. केवळ राग काढायला म्हणून रंधा मारला, आणि बाबा, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक अख्खी साल निघाली. कागदासारखी. रंध्याच्या तोंडातून गुंडाळत वर आली आणि माझ्या मनगटावर पडली. फळी पुन्हा फिरवली, ओरबाडली. पुन्हा फिरवली, साल. लाकडाच्या रेषा एका अंगाला कललेल्या असतात, त्यांच्या कलाने गेलं तर साल आणि विरुद्ध गेलं तर कुसळं, हे सुताराच्या घरातल्या मांजरालाही ठाऊक असतं. मला नव्हतं. मला ते कोणी सांगितलंच नव्हतं, आणि तुमच्या दुकानात एक नियम होता की मोठ्याने खुंटीला लावलेली फळी धाकट्याने हलवायची नाही. ती तशीच का लावली आहे ते मोठ्याला ठाऊक असतं.

मी तर्कशास्त्रही थोडं वाचलेलं आहे. एखादी फळी चुकून उलट लागेल, दोन लागतील. पण नाणं उन्हाळाभर एकाच बाजूला पडत नाही. ते तसं पडत असेल, तर ते कोणीतरी तसं ठेवत असतं. हे मनात आलं आणि मी रंधा खाली ठेवला. त्यानंतर आठ दिवस शेडमध्ये गेलो नाही. वर्गात दोनदा मधेच थांबलो. मुलांना वाटलं, सर विसरले.

मग तळेगावचे काका आले. डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायला दवाखान्यात आले होते, तारीख पुढची मिळाली, म्हणून वेळ काढायला आमच्याकडे. आता सत्तरीच्या पुढे आहेत. चहा झाल्यावर मी त्यांना शेडमध्ये नेलं. त्यांनी नव्या रंध्याच्या तळावरून अंगठा फिरवला, पितळी चक्री दोनदा मागेपुढे केली आणि म्हणाले, "मशीनच हाय हे त. मानसाले काही कामच ठेवलं नाई." मग फळी पाहिली. बोटं एकाच जागी थांबली. "साल कोनं काढली?"

"मी."

"तू?" असं म्हणून ते हसले नाहीत, हे मला खटकलं. हसायला हवं होतं. मी विचारलं, "काका, त्या उन्हाळ्यात माझ्यासाठी फळी कोण लावायचं?"

त्यांनी फळीवरचा हात काढून घेतला. "मीच लावत होतो."

"उलट?"

"व्हय." मग म्हणाले, "तुह्या बाबानं सांगतलं होतं. पोरगा यायच्या आंधी रेषा पाहून ठेवजो अन् उलटी लावजो. मले काई पटलं नाई, बाबू. एक दिवस इचारलंच मी, मिस्त्री, काऊन असं करता लेकरासंग? हात नसन त्याचा त सरळ सांगा, अन् धाडा साळेत."

"मग?"

"त म्हने, हात नसता त कायले केलं असतं? हात चांगला हाय त्याचा, म्हनून करून राह्यलो."

हे वाक्य मी इथे उतरवून घेतो आहे ते तुम्हाला दाखवायला. तुमचंच आहे, ओळखा. तुमच्या तोंडून मी माझ्या हाताबद्दल एवढं चांगलं कधीच ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं ते कसं, तर चाळीस वर्षांनी, दुसऱ्याच्या तोंडून, आरोपीच्या कबुलीजबाबात.

तुमची बाजू मला माहीत नाही असं समजू नका. पूर्वपक्ष मांडायची सवय आहे मला. दोन बोटं गेली होती. आणि ती शाळेच्या खुर्च्यांची गोष्ट, जी तुम्ही जेवताना एकदाच सांगितली होती. बैलगाडीत खुर्च्या भरून शाळेत नेल्यात, उतरवल्यात, ओळीने लावल्यात, आणि दुपारभर उभे राहिलात. त्यातल्या एकीवरही तुम्हाला कोणी बसा म्हणालं नाही. सांगून तुम्ही पुन्हा जेवायला लागलात. पोराने बसणाऱ्यांत जावं, खुर्च्या वाहणाऱ्यांत नको, एवढंच तुम्हाला हवं होतं. पण मग तसं सांगायचं होतंत. "हात चांगला आहे, तरी जा," एवढं म्हणाला असतात तर मी रडलो असतो आणि गेलो असतो. तुम्ही मला न सांगता माझा हात काढून घेतलात. आरामशीनने निदान आवाज तरी केला होता.

आणि तो हात गेला तो गेलाच. आमच्या घरात खिळा ठोकायचा असला की तुमची सून ठोकते, मी स्टूल धरतो, आणि स्टूलही तीच म्हणते तिथे धरतो. मुलीला शाळेत पुठ्ठ्याचं घर करून न्यायचं होतं, मी तिला सांगितलं, "मला नाही जमत, आईला सांग." फार सहज सांगितलं, गोत्र सांगावं तसं. तुमची अवजारांची पेटी तुम्ही काकांना देऊन टाकलीत तेव्हा मला वाटलं, बरोबरच आहे, मी काय करणार तिचं? आणि तुम्ही गेलात त्या दिवशी अंगणात लोक तिरडी बांधत होते. कोणीतरी माझ्यापुढे सुतळी केली. बांबू धरायचा होता, एक गाठ मारायची होती. मी मागे सरकलो. म्हणालो, "माझ्या हातात नाही ते." मिस्त्रीच्या तिरडीची गाठ मिस्त्रीच्या पोराने मारली नाही, बाबा. ती काकांनी मारली. बाकी सगळं मी सोडून दिलं असतं कदाचित, पण ती गाठ मला सोडता येत नाही.

काका निघाले तेव्हा मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. बस लागली. चढताना दांड्याला धरून ते वळले. "तुह्या बाबाचा रंधा माह्यापाशी हाय. मी आता काय करू त्याचं, डोयानं दिसत नाई. तू ये अन् घिऊन जाजो." मी म्हणालो, "नको. माझ्याकडे नवा आहे." त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी मुद्दाम नीट पाहून घेतलं. कोणाला तरी दुखवायचं होतं, आणि तुम्ही हाताशी नव्हता.

घरी येऊन शेडमध्ये गेलो. फळी आवळली, कलाने, आणि रंधा मारत राहिलो. सालींचा ढीग झाला. त्यातली एक लांब साल उचलली, का कोण जाणे, चौपदरी घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. ठेवता ठेवता हात थांबला. हे मी आधी केलेलं होतं.

इथपर्यंत लिहिलेलं खोडत नाही. त्यातलं सगळं खरं आहे. फक्त पुरं नाही. त्या उन्हाळ्याच्या शेवटी शेवटी एका दुपारी तुम्ही चौकटी पोचवायला गेला होता आणि काका विहिरीवर हातपाय धूत होते. दुकानात मी एकटा. खुंटीला फळी लावलेली. मी ती काढली आणि फिरवली. नियम मोडून बघायचा होता, एवढंच. साल निघाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी तिची घडी करून खिशात घातली. मग फळी होती तशी परत लावली, आणि जिथून साल निघाली होती तिथेच दोनदा जोर लावून ओरबाडली, म्हणजे तुम्हाला दिसायला नको. आदल्या आठवड्यात तुमच्याबरोबर वर्ध्याला जाऊन मी ती शाळा बघून आलो होतो. पांढरेशुभ्र शर्ट घातलेली मुलं एका सुरात काहीतरी म्हणत होती, आणि त्यांच्या नखांत सरस नव्हता. मला तिथे जायचं होतं. तुम्ही संध्याकाळी आलात, फळीवरून हात फिरवलात आणि म्हणालात, "तुह्या हातात नाई बाबू हे." मी मान खाली घातली. तुम्हाला वाटलं असेल, पोराला लागलं. मी तोंड लपवत होतो.

पुढे मी ते कसं आणि केव्हा विसरलो, ते खरंच सांगता येत नाही. विसरणं सोयीचं होतं, आणि सोयीचं ते मला पटकन पाठ व्हायचं.

हे पत्र पोथीठवणीखाली सरकवून ठेवतो आहे. तिथे तुमचा हात पोचेल असं नाही, पण त्यातल्या त्यात जवळची जागा तीच. काकांच्या डोळ्याची तारीख पुढच्या सोमवारी आहे, त्याच्या आधी तळेगावला जाऊन आलं पाहिजे, असं रोज सकाळी ठरवतो. अजून गेलो नाही. फसवलेला मुलगा म्हणून रंधा मागायला मी एका पायावर गेलो असतो. पण तो मागताना काकांना सांगावं लागेल, "काका, उन्हाळाभर फळी तुम्ही उलट लावलीत हे खरं, पण त्या एका दुपारी ती उलट मी लावली होती."