भाल्याची दोरी आणि रिकामा डबा

कारवार

प्रिय आक्का,

उद्या-उद्या करत पत्र राहिलं, रागावू नकोस. मी बरा आहे. इथली खेकडी लई चवदार.

बुडी मारून भाल्याच्या बंदुकीनं मासे मारतो. भाल्याची दोरी बंदुकीवरच्या रिळाला गुंडाळावी, की पाण्यावर तरंगणाऱ्या डब्याला बांधावी, हे ठरत नव्हतं. रीळ ऐटीचं, पण डबाच घेतला. काल मोठ्या माशानं ओढलं, तेव्हा बंदूक सोडून वर आलो आणि डब्याला धरून श्वास घेतला. रीळ असतं तर बंदुकीपायी खालीच झटत बसलो असतो.

आपल्या कंग्राळीच्या विहिरीत पोहायला शिकवताना आप्पांनी माझ्या पाठीला असाच डबा बांधलेला. घरात न सांगता इकडं आलो म्हणून ते अजून माझं नाव काढत नाहीत का?

थांब, दारात आप्पाच उभे आहेत. बाहेरच्या डब्याची दोरी चाचपून म्हणतात, “ही गाठ कुणी मारली रं? सुटंल की.”

तुझा,
साईराज