रबिनोचा रकाना

३ मार्च १९७४, रविवार
पाठ झाले! रबिनो — रब्बी, म्हणजे धर्मगुरू. हसान — प्रार्थना चालवणारा, म्हणजे आपले हज्जान. मोएल — सुंता करणारा. शोहेत — विधीनं कोंबडी कापणारा. सगळे स्पॅनिश शब्द येरूशाताईनं इस्रायलमधल्या बेरशेबाहून मराठीत लिहून पाठवलेत. तिचा होणारा नवरा अर्जेंटिनाचा. त्याच्या आईला स्पॅनिशशिवाय काही येत नाही. तिनं एक कागद पाठवलाय — मुलीच्या आईवडिलांचं लग्न कोणी लावलं ते भरून द्या, मगच होकार.
शेजारच्या कांताबाईंनी माझं पुटपुटणं ऐकलं. म्हणाल्या, "तुमच्या देवाला मराठी समजत न्हाई का?"

५ मार्च
कागदावर एकच रकाना — रबिनोचं नाव. जालन्यात आम्हा यहुदी लोकांची घरं दोन. रब्बी मी जन्मात पाहिलेला नाही. आईबाबांचं लग्न मुंबईहून आलेल्या हज्जानांनी लावलं. आमच्यात तशीच रीत. शुक्रवारची प्रार्थना बाबाच म्हणतात, कोंबडीही तेच कापतात. शाळेत जायच्या आधी मला हिब्रू अक्षरं त्यांनीच शिकवली.
ताईनं खाली बारीक अक्षरात लिहिलंय — हज्जानांचंच नाव रबिनोपुढे टाक, कोण बघतंय?

८ मार्च, शुक्रवार
शब्बाथचे दिवे लावायच्या आत लिहिते, नंतर लिहायला मनाई. नाही जमलं. खोट्यावर ताईचा संसार कसा उभा करू? रबिनो खोडून हसान लिहिलं. पोस्टात टाकलं.

२२ एप्रिल
ताईची दोन ओळींची चिठ्ठी — लग्न मोडलं. कारण लिहिलं नाही. मला ठाऊक आहे.

२३ एप्रिल
रकान्याचं ऐकून बाबा जेवले नाहीत. दुपारी एकदम म्हणाले, "म्हणजे तुझ्या आईचं अन् माझं लग्न लागलंच न्हाई म्हणायचं."
आई जाऊन सहा वर्षं झाली. रबिनो हा एक शब्द तसाच ठेवला असता तर!

२७ एप्रिल, शनिवार रात्र
काल दिवे मी लावले. बाबांनी प्रार्थना म्हटली नाही.

२० मे
ताईचं लांब पत्र. त्यांचा होकार आला होता! अट एवढीच — ताईनं आधी त्यांच्या रब्बीसमोर पाण्यात बुडी मारून नव्यानं यहुदी व्हायचं. "मग आपली आई कोण होती गं?" असं लिहिलंय. नकार तिनंच दिला. बाबांना कळू देऊ नकोस म्हणते.
बाबा समोरच बसलेले. काय लिहिते येरूशा, म्हणून विचारलं.
"त्या मुलाचं दुसरीकडे जमलं होतं म्हणे," मी सांगितलं.
मग म्हणाले, "मंग खोट त्याच्यात होती."

हो म्हटलं.