एचडीतही धुरकट

दिवेआगर, रविवार संध्याकाळ

आज एचडी सुरू झालं. डिशवाल्यांनी पॅक स्वस्त केला म्हणून घेतला, नाहीतर आम्ही कुठले घेतोय. कित्येक महिने हे कुरकुरत होते, "चित्र धुरकट येतंय." मला तर बरं दिसायचं. पण म्हटलं, दिवसभर शाळेच्या मुलांची गाडी चालवून दमून येतात, एवढं तरी मनासारखं होऊ दे.

क्रिकेट लागलं होतं. गवताची पाती न् पाती दिसत होती, बॉलरच्या कपाळावरचा घामसुद्धा. मी खूश होऊन यांच्याकडे पाहिलं. डोळे बारीक करून बसले होते. म्हणाले, "फुकट गेले पैसे. अजून धुरकटच हाय."

धुरकट.

सहज विचारल्यासारखं केलं, "स्कोअर किती झाला हो?"

"तूच वाच की."

मग टीव्ही बंद केला आणि सरळ विचारलं, कधीपासून नीट दिसत नाही? म्हणाले, "पावसाळ्यापासून. कुणाला बोलू नको. गाडी सुटली तर खायचं काय?"

"आणि मुलं?"

"रस्ता पाठ हाय मला."

श्रीवर्धनकडची वळणं पाठ असतील. वळणावर बसलेली गुरं, समोरून येणारी एसटी कशी पाठ असणार? रोज सकाळी यांच्या शेजारच्या सीटवर आमची लेक मनू बसते.

मी म्हटलं, उद्या गाडी काढायची नाही. हे बादली घेऊन बाहेर गेले. आता अंगणात गाडी धुताहेत.