तीन महिने जुनी जखम

४ मार्च
अखेर परवानगी आली! उंदरांवरचे प्रयोग संपले, आता माणसं. मलमात चांदीचे कण, केसाच्या हजाराव्या भागाइतके. हुशार कण — जंतू आणि सूज असेल तिथेच फुटतात, धडधाकट कातडीकडे ढुंकूनही बघत नाहीत. साहेबांनी फोटो काढून घेतला. त्यात मलम दिसत नाही, साहेब दिसतात.

रुग्णासाठी अटी: मधुमेह, तळपायाला जखम, ती किमान तीन महिने न भरलेली. समितीने आणखी एक घुसडली — संशोधकांचे नातेवाईक नकोत. मी खुशाल सही ठोकली.

११ मार्च
जेवताना बाबांना त्यांची मधुमेहाची गोळी काढून देता देता अटी सांगत होते. म्हणाले, "तीन महिनेच का गं? नवीन जखम नाही चालणार?" म्हटलं, "कोवळी जखम आपसूक भरते. मग श्रेय लाटायचं कुणी?" हसले. रिटायर झाल्यापासून माझ्या कामात भलताच रस! बरं वाटलं.

२ एप्रिल
चांगली जखम काही मिळेना. आज एक आजोबा आले. जखम झकास, पण दोन आठवड्यांचीच. साहेब हळहळले, "जरा आधी लागलं असतं तर!" आजोबांनी चक्क माफी मागितली.

२० एप्रिल
एवढ्या उकाड्यात बाबा घरात मोजे घालून बसतात. म्हणे पाय गार पडतात. म्हातारपण, दुसरं काय.

१४ मे
दहा जूनपर्यंत पहिला रुग्ण नाही मिळाला तर गाशा गुंडाळा — साहेब. इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. मैत्रिणीला फोन करून रडले. म्हटलं, एक सडका पाय मिळू दे, त्याच्या पाया पडेन. मागे वळले तर दारात बाबा.

२८ मे
घरात कसलासा वास येतोय. मोरी धुतली, प्लंबरला झापलं, उंदीर मेलाय का म्हणून कपाटं सरकवली. वास तसाच. बाबा खिडकी उघडी टाकून झोपतात.

७ जून
साहेबांनी प्रकल्पाच्या निरोपाचं भाषण लिहून तयार ठेवलंय. त्यातसुद्धा स्वतःचंच कौतुक. बाबा म्हणाले, "धीर धर, दोन दिवसांत काहीतरी होईल." माणूस किती भोळा असावा.

९ जून
सकाळी बाबांनी हाक मारली. खुर्चीत बसून मोजा उतरवत होते, चेहरा अगदी खूश. टाच काळी पडलीय. वास तिथूनच येत होता.

"मार्चमध्ये खिळा घुसला होता. दुखत नाही गं मुळीच. आज तीन महिने भरले. आता चालेल ना?"

चालेल म्हटलं, आणि आत जाऊन सर्जनला फोन लावला. पाय ठेवता येईल का, ते उद्या सांगणार आहेत.

त्या दिवशी जेवताना मी सगळ्या अटी सांगितल्या होत्या. नातेवाईकांची तेवढी राहून गेली.