कप्तानाच्या सिनेमाआधी दोन शब्द

५ तारीख, सोमवार
...आणि माझ्या तोंडात दोन नळ्या, कापूस आणि त्यांचा अंगठा असताना दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, सर, रविवारी वाचनालयात मुलांना कुठला सिनेमा दाखवताय? आमची मुलगीही येणार म्हणतेय. मी म्हणालो, आं. ते म्हणाले, वा, छान.
म्हणजे संमती मिळाली.
सिनेमा अर्थात कप्तानाचा. वाचनालयाच्या कपाटातली सगळ्यात जुनी डीव्हीडी. सात वर्षांचा असताना पाहिला आणि पुढे भूगोलाचा शिक्षक झालो. जहाज, वादळ, बेट, बेटावरची काळी माणसं. डॉक्टरांचे आईवडील त्याच बाजूच्या बेटांवरून आलेले. गल्लीत तसं एकच घर. त्यांच्या मुलीला केवढा आनंद होईल!
रूट कॅनाल. अजून एकदा जायचंय. दुखत नाही.
दुखतंय.

६ तारीख, मंगळवार
ग्रंथपालबाई म्हणाल्या, सर, तो सिनेमा आता मुलांना दाखवत नाहीत. कोण दाखवत नाही? कुणीच नाही, म्हणाल्या.
मी तो पन्नासदा पाहिलाय. त्यात आक्षेप घेण्यासारखं काहीही नाही. उद्या बघून सिद्ध करतो.

७ तारीख, बुधवार
पाहिला. एक प्रसंग आहे. फार तर एक. बेटावरचे लोक कप्तानाला हंड्यात घालून भोवती नाचतात. बाकी निर्मळ.
दुरुस्ती: दोन. मुखियाच्या नाकात हाड आहे आणि तो बोलत नाही, गुरगुरतो.
आमची ही शेजारी शेंगा सोलत बसली होती. मधूनमधून हं म्हणायची. हिचे हं धरायचे नाहीत असं ठरवलं.
मुखियाचं काम करणाऱ्या नटाने तोंडाला काजळी फासलीय. कानामागे गोराच राहिलाय. इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. शेवटी मुखिया कप्तानाचे बूट पुसतो आणि आनंदाचं संगीत वाजतं. त्या संगीताला मला नेहमी गहिवरून येतं. आजही आलं. जरा कमी.

८ तारीख, गुरुवार
जेवताना चर्चा. मुलगा म्हणाला, बाबा, नका दाखवू. सून म्हणाली, वाचनालयातून काढूनच टाका ना तो. मी म्हणालो, आज हा काढाल, उद्या सगळं कपाट रिकामं कराल. सून म्हणाली, एका डीव्हीडीने? ही म्हणाली, कपाटात राहू दे हो, पण दाखवण्याआधी डॉक्टरांना विचारा. मी म्हणालो, विचारलंय. काय म्हणाले? वा, छान.
विषय संपला. असं बोलावं लागतं.
फक्त टिल्ली, म्हणजे नात, ऐकेना. तिला या नव्या शाळेत एकच मैत्रीण, डॉक्टरांची मुलगी. रोज सकाळी टिल्लीला बोलवायला येते, घरातल्या सगळ्यांचे दात तपासते, मग दोघी शाळेत जातात. टिल्ली म्हणाली, आजोबा, तिला रडवलंत तर तुमच्याशी कट्टी. कायमची.
हसण्यावारी नेलं.
योजना पक्की. सिनेमा जसाच्या तसा. आधी मी दोन शब्द बोलणार. पाच मिनिटं. मुलं समजूतदार होतील.

१० तारीख, शनिवार
दोन शब्द तयार. सतरा पानं झाली. हिला वाचून दाखवले. तिसऱ्या पानावर हिला डोळा लागला. म्हणजे भाषा कुठेही खटकत नाही.
शिवाय पुठ्ठा. नको तो प्रसंग आला की प्रोजेक्टरपुढे पुठ्ठा धरायचा. तंत्र म्हणून निर्दोष.
दाढ ठणकतेय.

११ तारीख, रविवार
दुपारी. इस्त्रीचा शर्ट. आत्मविश्वास उत्तम.
संध्याकाळी. थोडक्यात लिहितो.
दोन शब्द चांगले झाले. नवव्या पानापर्यंत मुलं एकमेकांना चिमटे काढत होती. मग मी म्हणालो, मुलांनो, या सिनेमात ज्या लोकांची चेष्टा केलीय, तसे लोक आपल्यातही बसलेले आहेत, त्यांच्याशी प्रेमाने वागा. सगळ्यांनी वळून डॉक्टरांच्या मुलीकडे पाहिलं. कोण आहे म्हणून तीही मागे वळली. मागे भिंत होती.
मग पुठ्ठा. पुठ्ठ्याने आवाज झाकला जात नाही, हे राहून गेलं. अंधारात नुसते ढोल आणि गुरगुर. मुलं ओरडली, आजोबा, मधून बाजूला व्हा! गडबडीत पुठ्ठा वादळावर धरला गेला. हंडा पूर्ण दिसला.
डॉक्टरांच्या मुलीने हात वर केला. म्हणाली, याचे दात मेणाचे आहेत. आणि कानामागे रंग लावायला विसरलेत. झालं. मुखिया दिसला की सगळी पोरं, कान! कान! तीसुद्धा. मला वाटलं, जिंकलो.
बूट पुसण्याचा प्रसंग आला तेव्हा ती ओरडली नाही. मला घरी जायचंय, म्हणाली. टिल्ली तिच्याबरोबर गेली.
रात्री जेवताना टिल्लीने माझ्यासमोरचं मीठ हिच्याकडे मागितलं.
बाकी कार्यक्रम यशस्वी.

१२ तारीख, सोमवार
सकाळी बेल वाजली नाही. टिल्ली बराच वेळ दप्तर घेऊन दाराशी उभी होती. मग एकटी गेली.
डॉक्टरांकडे. पुन्हा नळ्या. म्हणाले, मुलीने सगळं सांगितलं. मी म्हणालो, आं. म्हणाले, लहानपणी मीही पाहिलाय तो. कप्तानासाठी टाळ्या वाजवल्या. घरी आलो आणि आरशासमोर नाक चाचपत बसलो. जरा मोठं उघडा. फेकून द्या असं नाही म्हणत मी. राहू दे कपाटात. मोठेपणी बघावा, काय काय खपायचं ते कळायला. पण माझ्या मुलीला दाखवण्याआधी मला विचारायचं होतंत.
मी म्हणालो, आं.
या वेळी ते वा, छान म्हणाले नाहीत. नळ्या काढल्या आणि म्हणाले, हं, आता बोला.
सतरा पानं खिशात होती. चूळ भरली. चुकलं माझं, म्हणालो. ते म्हणाले, दोन दिवस त्या बाजूने चावू नका.
येताना डीव्हीडी ग्रंथपालबाईंना दिली. त्यांनी ती मोठ्यांच्या कपाटात ठेवली. बरं वाटलं.

१३ तारीख, मंगळवार
सकाळी बेल वाजली. मी दार उघडलं. डॉक्टरांची मुलगी, दप्तर घेऊन. उंबरठ्याबाहेरूनच तिने विचारलं, आजोबा, आज भाषण आहे का?
नाही म्हणालो.
मग आत आली.