शोभाताईंना आलेला मासा

नागपूर
८ फेब्रुवारी २०२५

चि. दीक्षा,
सप्रेम जय भीम.

मी बरी आहे. फोनवर तू "कशी आहेस" विचारतेस, मी "बरी" म्हणते आणि तिथंच संपतं, म्हणून लिहायला बसले. बाबांच्या खुर्चीची वेताची वीण सुटली होती, ती नवी करून घेतली. बसत कोणी नाही, पण सुटलेली बघवत नव्हती.

रविवारी संत्री घेऊन प्रताप नगरला तुझ्या सासूबाईंकडे गेले होते. चहा ठेवायच्या आधीच शोभाताईंनी मोबाईल पुढे केला. "पाहा विहीणबाई, दीक्षानं जहाजावरून पाठवला. तुमाले नाई आला का?"

"आला ना," मी म्हटलं.

आला नव्हता. फोटोत माणसाएवढा लांब मासा, अंगावर एक खवला नाही, पाठीवर शिडासारखा पर, तोंडात सुळे. दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन शोधला. तो आपल्या जातभाईंनाही गिळतो म्हणे, आणि गिळलेलं पोटात बराच काळ जसंच्या तसं राहतं. म्हणून तुम्ही संशोधक लोक त्याचं पोट चिरून बघता, खोल पाण्यात कोण कोण राहतं ते.

कन्हानला राहायचो तेव्हा नदीकाठचा मेलेला मासासुद्धा तू आधी मला दाखवायला आणायचीस, फ्रॉकच्या घोळात.

फक्त माशाबद्दलच लिहायचं, असं ठरवलं होतं मी.

शोभाताई पुढे म्हणाल्या, "मी तं सांगतलं तिले, आता त्या वासात उभी राहू नको, तिसरा महिना लागला. अन् बाळंतपण इथंच करू. तुमी एकट्या, काहून तरास घेता?"

त्यालाही मी "हो ना" म्हटलं. हातातली फोड बियांसकट गिळली.

तेव्हापासून ते बोलणं माझ्यात तसंच आहे, कणभरही जिरलं नाही. शोभाताई चांगल्या आहेत. पण त्या दिवसापासून मला त्या आवडत नाहीत.

बाबांना जाऊन वर्ष झालं नाही, आईला कसं सांगू, असं वाटलं असेल तुला. अगं, दुःख आहे तिथं आहे. बातमीला बसायला खुर्ची मोकळी आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी असतं. मला त्यांना म्हणता आलं नाही. तू म्हण.

आणि हे पत्र पोचलंच नाही असं समजून मला फोन कर. मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करीन.

मासाही पाठव.

फोनजवळ बसलेली,
तुझी आई