मास्कवरचा कॅमेरा

प्रिय कासवा,

चौदा महिन्यांनी लिहितेय, तेव्हा आधी कान पकडते. घाबरू नकोस, सुरुवात दुकानापासूनच करते.

डायव्हिंगच्या सामानाच्या त्याच दुकानात मी अजून आहे. मालकही तसाच, गिऱ्हाईक आलं की खुर्चीतून न उठता मला हाक मारतो. पाण्याखाली कॅमेरा कुठे लावायचा हे मला आता तोंडपाठ आहे. छातीवर लावलात तर आडवे होताच नुसता तळ दिसेल. मनगटावर लावलात तर स्वतःचं कोपर. काठीला लावा, चित्र स्थिर येतं, पण एक हात अडकतो. मास्कवर लावा, दोन्ही हात मोकळे, मात्र मान हलली की चित्र हललंच. एवढं ऐकून माणूस हमखास नको तेच उचलतो.

घर ठीक आहे. बाथरूममध्ये आता एकच ओला सूट टांगलेला असतो, त्यामुळे वाळतो लवकर. दर पंधरा दिवसांनी मी बुडी मारायला जाते. एकट्याने उतरायचं नसतं, म्हणून बोटीवर जो सुटा उरेल तो माझा जोडीदार. उतरण्याआधी एकमेकांचे पट्टे ओढून बघायचे, हवा तपासायची, हे तोही करतो. पण माझ्या खांद्याचा उजवा पट्टा पाण्यात सैल पडतो हे त्याला माहीत नसतं, आणि मला सांगावंसं वाटत नाही. वर आल्यावर काय पाहिलंस म्हणून विचारणारं कुणी नाही. फार एकटं वाटतं रे.

मागच्या मंगळवारी एक निवृत्त दातांचे डॉक्टर आले. मास्कवरच हवा म्हणून हटून बसले. मी म्हटलं, यात तुम्ही बघाल तेवढंच येईल, तुम्ही स्वतः कुठेच दिसणार नाही. ते हसून म्हणाले, चालेल की, मी कुठे बघत होतो ते तरी पोरांना कळेल. पावती करता करता माझा हात थांबला. तुझा कॅमेराही मास्कवरच असायचा.

तू ठेवून गेलेलं खोकं माळ्यावर होतं. घरी जाऊन आधी ते काढलं. शेवटचं भांडण आठवतं ना? मी म्हटलं होतं, तुला पाण्याखाली खेकडे दिसतात, शेवाळ दिसतं, मी तेवढी दिसत नाही; घरीही तेच. महिन्याभरात तू दुसऱ्या शहरातली नोकरी पत्करलीस आणि हे खोकं ठेवून गेलास.

खोक्यातलं तुझ्या कॅमेऱ्याचं कार्ड लावलं. खेकडा दिसतो. तुझा श्वास ऐकू येतो, सावकाश. चार-पाच श्वास झाले की चित्र डावीकडे वळतं, आणि तिथे मी असते. माझे बुडबुडे, माझ्या हवेचा काटा. मग पुन्हा खेकडा, पुन्हा मी. प्रत्येक बुडीत हेच. एकदा माझा पट्टा सैल पडलाय, तुझा हात येतो आणि तो हळूच ओढून जातो. मला पत्ताही नाही. मी काठी धरून कुठल्याशा माशाच्या मागे लागलेली.

मग माझं कार्ड लावलं. चित्र कसं, जराही हलत नाही. मासे आहेत, प्रवाळ आहे. तू नाहीस. पाच वर्षांत एकदाच तुझ्या पायातलं रबरी वल्हं कोपऱ्यात येतं, आणि ते मध्ये आलं म्हणून मी काठी बाजूला नेते. ते पाहून मी खूप रडले. न बघणारी मीच होते, आणि आळ तुझ्यावर घेतला.

रविवारी सकाळी आठला मालक बोट काढतोय. जोड्यांच्या यादीत माझ्यासमोरची जागा कोरी ठेवायला सांगितलीय. शुक्रवारपर्यंत थांबतो म्हणाला. काठी मी मोडीत काढली. कॅमेरा माझ्या मास्कवर बसवलाय. तू ये. मी कुठे बघते ते नंतर तूच लावून बघ. नाही आलास तरी मी उतरेन, पण मग कॅमेरा घरीच ठेवेन. तुझ्या रिकाम्या जागेकडे, सारखी उजवीकडे वळून बघणारी मी कुणाला दाखवू?

तुझीच (खोडून पुन्हा तेच लिहिलंय),
भांडकुदळ मासोळी